चिकणमातीतून क्षारांचा प्रवास

युरिया हे खत पाण्यात किती विरघळते याची तुम्हांला कल्पना आहे काय? एक लिटर पाण्यात ते सहज एक किलो विरघळते. आता नाशिक जिल्ह्यातील घोटीची भातखाचरे डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि घोटीचा पाऊसही असाच दांडगा. ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे १ कोटी २० लाख लिटर पाणी! त्यातील बहुतेक सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळते. आणि नेमक्या याच दिवसांत भाताची आवणी, म्हणजे लावणी, होऊन खाचरांत खत पडते.

साध्या तर्काने पाहिले तर हे खत दोन-चार सरींतच दारणा नदीला जाऊन मिळावयास हवे. काही जातेही. पण सगळे जात नाही. कोणते क्षार मातीत टिकावयाचे आणि कोणते पाण्याबरोबर निघून जावयाचे, याचा निवाडा मातीतील एक अतिशय बारीक कण करीत असतो. शेतकऱ्याचे पैसे, भाताचे उत्पन्न आणि खाली कालव्याकाठच्या जमिनींचे आरोग्य या तिन्हींचा त्या निवाड्याशी संबंध आहे.

एका ग्रॅममध्ये आठ गुंठे

मातीच्या कणांचे आकारमानानुसार वाळू, पोयटा आणि चिकणमाती असे तीन वर्ग पाडतात. एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असेल तो चिकणमातीचा कण. तो वाटोळा नसतो, पापुद्र्यासारखा चपटा असतो. वहीची पाने एकावर एक असावीत तसे हे पापुद्रे रचलेले असतात. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे जे चिकण खनिज आढळते, त्याच्या एका ग्रॅमचे सर्व पापुद्रे सुटे करून पसरता आले, तर त्यांचे पृष्ठफळ सुमारे ८०० चौरस मीटर भरेल. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, हे लक्षात घ्या. म्हणजे चिमूटभर मातीत जवळजवळ आठ गुंठे जमीन दडलेली!

या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो. तो कोठून येतो? पापुद्रा मुख्यतः सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा बनलेला असतो. खनिज तयार होताना काही ठिकाणी चार धनभारांच्या सिलिकॉनची जागा तीन धनभारांचे ॲल्युमिनियम घेते, किंवा ॲल्युमिनियमच्या जागी दोन धनभारांचे मॅग्नेशियम जाऊन बसते. अशा प्रत्येक जागी एक धनभार कमी पडतो आणि पापुद्रा कायमचा ऋणभारित होतो. मग तो आजूबाजूच्या पाण्यातील धन आयनांना स्वतःकडे ओढून धरतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम, अमोनियम ही सारी मंडळी अशी पापुद्र्यांना चिकटून असतात. नायट्रेट आणि क्लोराइड हे ऋण आयन आहेत; त्यांना पापुद्र्यापाशी थारा नाही. ते पाण्यातच राहतात आणि पाणी जाईल तिकडे जातात.

चिकटून असतात म्हटले, तरी ते डिंकाने चिकटवल्यासारखे नव्हे. एस. टी.च्या गाडीतील बाकांसारखा हा प्रकार आहे. एकाने जागा सोडल्याखेरीज दुसऱ्याला बसता येत नाही, पण जागांची अदलाबदल मात्र सारखी चालू असते. यालाच आयन-विनिमय म्हणतात. बसलेला आयन पाण्याबरोबर वाहून जात नाही, पण भाताच्या मुळाने एक हायड्रोजन आयन देऊ केला, तर त्याच्या बदल्यात तो मुळाला मिळू शकतो.

यॉर्कशायरचा जमीनदार

हे कळले कसे, ती हकिकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात हॅरी स्टीफन थॉम्पसन नावाचे एक जमीनदार होते. शेणखताच्या ढिगातील कस पावसाने वाहून जातो की काय, ही त्यांची चिंता. आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याची असावी तशीच. १८४५ मध्ये त्यांनी यॉर्कमधील औषधविक्रेते जोसेफ स्पेन्स यांच्या मदतीने एक साधा प्रयोग केला. नळीत माती भरून तिच्यात अमोनियम सल्फेट मिसळले आणि वरून पाणी ओतले. खाली जे पाणी निथळले त्यात अमोनियम सल्फेटऐवजी निघाले कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम! अमोनियम मातीने ठेवून घेतले होते आणि बदल्यात आपल्याजवळचे कॅल्शियम देऊन टाकले होते.

थॉम्पसन यांनी ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञ जॉन टॉमस वे यांच्या कानांवर घातली. वे यांनी अनेक प्रयोग करून १८५० आणि १८५२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही अदलाबदल जवळजवळ तत्क्षणी होते, ती मातीतील चिकण अंशामुळे होते, आणि नायट्रेट व क्लोराइड यांना माती धरीत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. गमतीची गोष्ट अशी, की कृषिरसायनाचे थोर जर्मन आचार्य लीबिग यांनी वे यांच्यावर टीका केली. त्याआधी १८४५ च्या सुमारास लीबिग यांनी स्वतः एक खत बाजारात आणले होते. पालाश पावसाने वाहून जाईल या भीतीने त्यांनी ते इतर द्रव्यांबरोबर वितळवून मुद्दाम न विरघळणारे केले होते. ते खत पिकालाही मिळेना आणि फसले! जे काम माती फुकट करते, ते कारखान्यात करण्याचा हा खटाटोप होता.

थॉम्पसन यांचा प्रयोग तुम्हांला शाळेत रंगांच्या साहाय्याने करता येईल. एक भाग काळी माती आणि चार भाग धुतलेली वाळू असे मिश्रण करा. (नुसती काळी माती घेतली तर पाणी उतरण्याची वाट पाहत बसावे लागेल.) नरसाळ्याच्या तोंडाशी कापूस घालून त्यावर हे मिश्रण भरा. मेथिलीन ब्लू आणि इओसिन या दोन रंगांची फिकट द्रावणे एकत्र करा. जांभळट मिश्रण होईल. ते हळूहळू मातीवर ओता. खाली गुलाबी पाणी येईल. मेथिलीन ब्लूचा आयन धनभारित असल्यामुळे मातीत अडकतो आणि इओसिनचा ऋणभारित असल्यामुळे सुटून येतो. हाच प्रयोग डोंगरउतारावरची लाल माती घेऊन केलात, तर निळा रंग लवकर खाली उतरू लागेल आणि इओसिन थोडे अडकलेले दिसेल. शिक्षकांनी याचे कारण विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. सूत्र एवढेच द्यावे, की लाल मातीत लोहाची ऑक्साइडे असतात आणि आम्ल परिस्थितीत त्यांच्यावर थोडा धनभार असतो.

खाचरात पडलेल्या युरियाचे काय होते?

आता पुन्हा घोटीला येऊ. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. हे सगळे नत्र अमोनियम झाले असे धरले, तर ते ठेवावयास मातीत जागा आहे काय? एक एकर जमिनीच्या वरच्या २० सेंटीमीटर थराचे वजन ढोबळ मानाने १० लाख किलो भरते. या मातीची विनिमयक्षमता मध्यम, समजा १०० ग्रॅमला २० मिलिसममूल्य, धरली तर तिच्यात सव्वाशेहून अधिक गोण्यांचे नत्र बसेल. अर्थात सगळ्या जागा काही रिकाम्या नसतात, पण अमोनियमला जागा करून देणे मातीला जड नाही हे खरे. मग नुकसान कोठे होते?

ते होते अमोनियम होण्याआधी आणि अमोनियम झाल्यानंतर. युरियाच्या रेणूवर विद्युत्‌भारच नसतो. मातीतील युरिएज हे विकर त्याचे अमोनियममध्ये रूपांतर करते, पण त्याला साधारण दोन-चार दिवस लागतात. तेवढ्यात मोठी सर आली आणि खाचराचा बांध वाहू लागला, की विरघळलेला युरिया पाण्याबरोबर खालच्या खाचरात, तेथून ओहोळात. सर आली नाही तर दुसरे संकट. साचलेल्या पाण्यातील शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पाणी अल्कधर्मी होते आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडून जातो.

तिसरा मार्ग अधिक आडवळणाचा आहे. पाण्याखालच्या मातीचा अगदी वरचा, काही मिलिमीटर जाडीचा थर ऑक्सिजन असलेला असतो. त्याखाली ऑक्सिजन जवळजवळ नाही. वरच्या थरातील जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. नायट्रेट ऋणभारित. त्याला पापुद्रा धरीत नाही, म्हणून ते खाली झिरपते. तेथे दुसऱ्या जातीचे जीवाणू टपून बसलेलेच असतात. हवेतला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून ते नायट्रेटमधला काढून घेतात आणि नायट्रोजन वायू बुडबुड्यांनी वर जातो. विकत आणलेले खत पुन्हा हवेत! पसरून दिलेल्या युरियातील नत्रापैकी साधारणपणे तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के एवढेच भाताच्या वाट्याला येते, ते यामुळे.

यावरचा उपाय वरील हकिकतीतच दडलेला आहे. खत वरच्या थरात न टाकता खालच्या, ऑक्सिजन नसलेल्या थरात पुरले, तर ते अमोनियमच्या रूपात पापुद्र्यांवर बसून राहील. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या 'चारसूत्री' भातलागवडीत हेच केले आहे. रोपे आलटून-पालटून १५ आणि २५ सेंटीमीटर अंतरावर लावतात आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल हाताने खोचतात. एकरी सुमारे २५,००० गोळ्या लागतात. काम कंबर मोडणारे आहे, हे कबूल केलेच पाहिजे. पद्धत चांगली असूनही सर्वत्र पसरत नाही याचे एक कारण तेच असावे.

मात्र गोळीतले अमोनियम चुडापर्यंत पोचते कसे? मातीत विद्राव्य पदार्थ दोन तऱ्हांनी हलतात: वाहत्या पाण्याबरोबर, आणि पाणी स्थिर असले तरी दाट द्रावणाकडून विरळ द्रावणाकडे, म्हणजे विसरणाने. विसरणाचा वेग फार मंद असतो. ओल्या मातीत नायट्रेट दिवसाला काही मिलिमीटर सरकते. पोटॅशियम मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, कारण ते जागोजागी पापुद्र्यांवर बसत-उठत जाते. फॉस्फेट तर मिलिमीटरचा लहानसा अंशच सरकते. ते ऋणभारित असले, तरी लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे त्याला घट्ट पकडतात. म्हणून स्फुरद मुळाजवळच द्यावे लागते आणि गोळी चार चुडांच्या मध्ये येते.

घोटीचा शेतकरी आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे: चिखलणी. बैल, नांगर आणि आता पॉवर टिलर यांनी तो पाण्याखालची ढेकळे मोडतो. सुटे झालेले चिकण कण संथपणे खाली बसतात, मोठी छिद्रे बुजवतात, आणि जे पाणी दिवसाला कित्येक सेंटीमीटर झिरपले असते ते काही मिलिमीटरच झिरपते. पाणी थांबले की त्याच्याबरोबर जाणारे क्षारही थांबतात. चिकण कणांची ही सुटी अवस्था लक्षात ठेवा. पुढे ती नको तेथे भेटणार आहे.

तेच पाणी कालव्याने जाते तेव्हा

घोटीजवळचे पाणी दारणेला मिळते. इगतपुरी तालुक्यात नांदगाव बुद्रुक येथे १९१६ मध्ये बांधलेल्या धरणात ते अडते, तेथून नदीने गोदावरीत जाते आणि निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वर येथून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे वळते. तेथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे इगतपुरीच्या सहाव्या हिश्शाएवढा. दोन्हीकडचा खडक एकच, बेसॉल्ट. त्याच्या वजनात दहा टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड असते. पण घोटीच्या उतारांवर पावसाने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हजारो वर्षे धुऊन नेले. मागे उरली आम्लधर्मी लाल माती आणि केओलिनाइट. त्याचे पृष्ठफळ ग्रॅमला जेमतेम १०-२० चौरस मीटर, एका खोलीएवढे. कोपरगावकडे धुणारे पाणीच नाही, म्हणून कॅल्शियम तेथेच राहिले, काळी माती झाली, आणि तिच्यात चुनखडीचे खडे दिसतात.

अशा जमिनीला कालव्याचे पाणी मिळाले की ती सोन्यासारखी पिकते, यात शंका नाही. पण हिशेब करून पाहा. पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे समजा. हे पाणी पिण्यासही गोड लागेल. उसाला वर्षात २,००० मिलिमीटर पाणी दिले, तर एकरी सुमारे ८० लाख लिटर झाले. त्यातून शेतात आले १,६०० किलो क्षार! ऊस पाणी पितो, पण क्षारांचा फार थोडा भाग उचलतो. उरलेले तेथेच राहतात. निचरा नसेल तर भूजल वर चढते, आणि ते जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर आले, की केशाकर्षणाने वर येऊन त्याची वाफ होते व क्षार पृष्ठभागावर साठतात. घोटीला क्षार खाली जातात म्हणून काळजी. येथे ते वर येतात म्हणून!

ही गोष्ट नवी नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पाव शतकात त्याच्या काठच्या जमिनी बिघडू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांकडे तर या बिघाडाच्या पायऱ्यांना स्वतंत्र नावेच आहेत. पाणी साचून राहते ती चिबड जमीन, पांढरे क्षार फुलतात ती खारवट, आणि तिसरी व सर्वांत वाईट, चोपण.

चोपण जमीन म्हणजे काय, हे आता तुम्हांला सांगता येईल. दोन धनभारांचे कॅल्शियम पापुद्रे एकमेकांजवळ ओढून त्यांचे कण बांधते. त्यामुळे मातीत भेगा-छिद्रे राहतात. सोडियमवर एकच भार आणि त्याभोवती पाण्याचे जाड आवरण. पापुद्र्यांवर सोडियमची गर्दी झाली की ते एकमेकांपासून सुटतात, विखुरतात आणि छिद्रे बुजवतात. ही तर चिखलणीच झाली, पण कोणी न सांगता झालेली आणि बारमाही! पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, वाळल्यावर जमीन दगडासारखी होते.

येथे एक फसगत संभवते. खारवट जमीन नुसत्या गोड्या पाण्याने धुतली, तर पाण्यातले क्षार निघून जातात, पण पापुद्र्यांवरचे सोडियम तसेच राहते. द्रावण दाट होते तोवर कण एकत्र टिकून होते. ते विरळ होताच विखुरतात, आणि खारवट जमीन चोपण होऊन बसते. म्हणून आधी जिप्सम घालावे लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमला उठवून त्याच्या जागी बसते आणि सोडियम सल्फेट पाण्यात उतरते. हा थॉम्पसन यांचाच प्रयोग आहे, फक्त उलट्या दिशेने. मात्र ते सोडियम सल्फेट शेताबाहेर नेण्यास चर हवेत. नाहीतर उन्हाळ्यात ते पुन्हा वर येईल. सांगली जिल्ह्यात यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ घातले गेले आहेत. हा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नसतो, आणि शेजाऱ्याच्या शेतातून पाणी नेल्याखेरीज चर पुरा होत नाही.

करून पाहा

तीन काचेच्या बरण्या घ्या. प्रत्येकीत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी आणि एक चमचा काळी माती घाला. पहिलीत आणखी काही घालू नका. दुसरीत आणि तिसरीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाका. तिन्ही चांगल्या ढवळून रात्रभर ठेवा. सोड्याच्या बरण्यांतील पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. आता तिसऱ्या बरणीत फळ्यावर लिहिण्याचा खडू कुटून चमचाभर घाला आणि पुन्हा ढवळा. साधा खडू बहुधा जिप्समचाच असतो. गढूळपणा गुठळ्या होऊन खाली बसू लागेल. चिमूटभर सोड्याला चमचाभर खडू का लागतो? सोड्यातील कार्बोनेट आधी कॅल्शियमचा वाटा खाऊन टाकते. उरलेलेच मातीच्या उपयोगी पडते. वरचे नितळ पाणी एका बशीत ओतून उन्हात वाळवा आणि बशीत मागे काय उरते ते वहीत नोंदवून ठेवा.